बेगम रुकैयांची बस आणि माझ्या फोनमधली लांब उडी

बीएडला माझ्या अध्यापन पद्धती दोन, उर्दू आणि मराठी. शारीरिक शिक्षणाशी माझा संबंध शाळेत असताना कबड्डीत पहिल्या चढाईला बाद होण्यापुरता. पण मराठवाड्यातल्या ज्या उर्दू शाळेत मी शिकवतो तिथं खेळाचा शिक्षक निवृत्त झाला, जागा भरली गेली नाही आणि वेळापत्रकातले ते तास माझ्या नावावर आले. भाषेच्या शिक्षकाला सगळं येतं, असा शाळांमध्ये एक समज असतो.

मागच्या हिवाळ्यात आठवीतल्या एका मुलीची लांब उडी पाहत होतो. धाव चांगली, पण चुन्याच्या रेषेजवळ आली की बारीक बारीक पावलं टाकायची. वेग तिथंच मरायचा. मी चार दिवस तोंडानं सांगितलं, स्वतः पळून दाखवलं (मुली हसल्या), काही फरक पडेना. शेवटी खिशातून फोन काढला आणि संथ गतीनं चित्रीकरण केलं. तिला दाखवलं. तिनं तीन वेळा पाहिलं आणि म्हणाली, "सर, मैं ऐसी कूदती क्या?"

तेरा वर्षांच्या आयुष्यात तिनं स्वतःला धावताना पहिल्यांदा पाहिलं होतं. पुढच्या अर्ध्या तासात तिची उडी वीतभर पुढं गेली. मी खूश. इतकी वर्षं मुलांना शब्दांनी समजावत आलो, आणि जे शब्दांना जमलं नाही ते फोननं वीस सेकंदांत केलं.

दोन दिवसांनी विद्यार्थ्यांच्या शारीरिक चाचण्या घेतल्याचा पुरावा म्हणून फोटो पाठवायचे होते, तारीख आणि ठिकाण दिसेल असे. मी सहा फोटो गटावर टाकले. त्यात तिच्या उडीचाही एक होता, कारण तो सगळ्यात चांगला आला होता. तिथून तो दुसऱ्या गटावर गेला, तिसऱ्यावर गेला, कुणाच्या तरी स्टेटसला लागला आणि संध्याकाळपर्यंत शेजाऱ्याच्या फोनवरून मुलीच्या वडिलांपर्यंत पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत आले. गॅरेजमध्ये काम करणारा माणूस, हाताला तेलाचे डाग. मी मनातल्या मनात उत्तराची तयारी करून ठेवली होती. मुलींच्या तालीमीबद्दल, आरोग्याबद्दल, काळाबरोबर चालण्याबद्दल. त्यांनी तशी संधीच दिली नाही. म्हणाले, "सर, बच्ची को दौड़ाओ, मेरेकू कुछ नै. फोटू किसके किसके पास जाता, इत्ता बताओ."

मला सांगता आलं नाही.

त्या दिवसापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो आणि वाचता वाचता दोन जागी पोचलो. एक पॅरिस, दुसरी कलकत्ता.

पॅरिसचं आधी सांगतो. फोननं मुलांच्या हालचाली टिपणं ही नवी गोष्ट आहे असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात हलणारं चित्र जन्माला आलं त्याच्या मुळाशीच कवायतीचं मैदान आहे. एतियेन-ज्यूल मारे हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. माणूस धावताना, उडी मारताना त्याचे पाय नेमके काय करतात हे नुसत्या डोळ्याला दिसत नाही, कारण डोळा तेवढा चपळ नाही. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीनं कॅमेरे मांडून धावत्या घोड्याचे फोटो काढले होते. मारे यांनी त्याच्या पुढं जाऊन एकाच कॅमेऱ्यातून, एकाच काचेवर, एकामागून एक क्षण टिपायची पद्धत बसवली. १८८२ मध्ये पॅरिसच्या कडेला त्यांचं संशोधन केंद्र उभं राहिलं. त्यात धावपट्टी होती, काळी भिंत होती, आणि कॅमेऱ्यासमोर जे लोक धावायचे त्यांत सैन्याच्या व्यायामशाळेतले जवान होते. मारे यांचे सहायक जॉर्ज देमनी हे तर व्यायामशिक्षणाचेच माणूस. ल्युमिए बंधूंचा सिनेमा १८९५चा, म्हणजे या उड्यांनंतरचा.

यातली एक गोष्ट वाचून मी थबकलो. एकाच काचेवर सगळे क्षण पडले की आकृत्या एकमेकींत मिसळून गोंधळ व्हायचा. म्हणून मारे यांनी धावणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख घातला आणि हातापायांवर, सांध्यांवर फक्त पांढऱ्या रेषा आणि ठिपके लावले. काळ्या भिंतीपुढं तो धावला की माणूस दिसेनासा व्हायचा आणि काचेवर उरायच्या फक्त रेषा. चेहरा नाही, अंग नाही, नुसती हालचाल. शास्त्राला तेवढंच हवं होतं.

मारे यांच्या मनात पर्द्याचा विचार असण्याचं काही कारण नव्हतं. तरी त्या काळ्या पोशाखातल्या माणसाचं चित्र पाहून मला आमच्या गल्लीतल्या बायका आठवल्या, आणि टाळेबंदीचं वर्षही. २०२० मध्ये शाळा बंद, मी व्हॉट्सॲपवर व्यायाम पाठवायचो आणि मुलांनी करून त्याची चित्रफीत परत पाठवायची असं ठरलं होतं. घरात फोन एक, तोही वडिलांचा, वडील कामावर गेले की फोनही कामावर. मुलांच्या थोड्याफार फिती यायच्या, मुलींच्या जवळजवळ नाहीतच. एका मुलीनं मात्र दोरीवरच्या उड्या पाठवल्या. त्यात फरशी, दोरी आणि दोन पाय, एवढंच. मी तेव्हा वैतागलो होतो. आता वाटतं, तपासायला लागत होतं ते सगळं तिनं पाठवलं होतं.

आता कलकत्ता.

बेगम रुकैया सखावत हुसेन यांचं नाव आपल्याकडं कमी घेतलं जातं, कारण त्या बंगालच्या. जन्म ९ डिसेंबर १८८०, रंगपूरकडच्या पायराबंद गावी, जमीनदाराच्या घरी. घरात अरबी, फारसी, उर्दू चालायची. मुलींनी बांगला आणि इंग्रजी शिकणं मात्र वडिलांना मान्य नव्हतं. थोरल्या भावानं रात्री घर झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात शिकवलं. लग्न झालं ते भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी. त्यांनी पत्नीला लिहायला उत्तेजन दिलं आणि मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये बाजूला काढून ठेवले. १९०९ मध्ये ते वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रुकैयांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा सुरू केली. घरच्या मालमत्तेच्या वादात ते गाव सोडावं लागलं, आणि १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात सखावत मेमोरियल शाळा पुन्हा सुरू झाली ती आठ मुलींवर. शिकवण्याची भाषा उर्दू, कारण कलकत्त्यातल्या ज्या मुसलमान घरांतून मुली यायच्या त्यांची ती भाषा होती. स्वतः बांगलात लिहिणाऱ्या बाईनं उर्दू शाळा चालवली. आम्हा उर्दू शिक्षकांच्या वंशावळीत त्यांचं नाव अगदी वर असायला हवं.

तंत्रज्ञान म्हटलं की या बाईची आठवण दोन कारणांनी येते. पहिलं, १९०५ साली मद्रासच्या एका नियतकालिकात छापून आलेली त्यांची इंग्रजी कथा, 'सुलतानाज ड्रीम'. त्या कथेतल्या देशात बायकांची विद्यापीठं आहेत. एका विद्यापीठानं फुग्याला नळ्या जोडून ढगांतून पाणी खेचायचं यंत्र बनवलंय, दुसऱ्यानं सूर्याची उष्णता साठवायचं. प्रवास हवेतून. पुरुष घरात, मर्दान्यात. विमानं उडून दोनच वर्षं झाली होती तेव्हा एक पर्दानशीन बाई हे लिहीत होती.

दुसरं कारण पहिल्याच्या अगदी उलट टोकाला आहे. ते म्हणजे त्यांच्या शाळेची मोटारबस.

मुलींना घरून शाळेत आणायचं कसं, हा कलकत्त्यातला त्यांचा रोजचा पेच होता. पायी येणं अशक्य. वाहन हवं, आणि वाहनात पर्दा हवा. १९३१ साली पुस्तकरूपानं आलेल्या 'अबरोधबासिनी'त पर्द्यातल्या बायकांच्या सत्तेचाळीस छोट्या हकिगती आहेत. त्यातली शेवटची या बसची आहे. नवी मोटार आली ती चारी बाजूंनी बंद. दारांच्या वर जाळीची अरुंद पट्टी, तेवढीच काय ती हवा. पहिल्याच दिवशी मुली गुदमरल्या, कुणाला उलट्या झाल्या, लहानग्या अंधारात रडू लागल्या. मग शिक्षिकांनी झडपा उघडून तिथं रंगीत पडदे लावले. तरी कुणी बेशुद्ध पडलं, कुणाचं डोकं दुखलं. एक हिंदू मैत्रीण भेटायला आली तिनं सांगितलं, तिचा भाचा त्या गाडीला चालती काळकोठडी म्हणतो. मग मुलींच्या आया आल्या: तुमची गाडी आहे की शिक्षा, आमच्या पोरींना जिवंत पुरता काय.

आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या टपालानं पत्रं आली. एक इंग्रजीत, बाकीची उर्दूत, काही निनावी. मजकूर सगळ्यांचा एकच. वाऱ्यानं गाडीचे पडदे हलतात, त्यामुळं गाडी बेपर्दा होते. उद्यापर्यंत नीट बंदोबस्त झाला नाही तर उर्दू वर्तमानपत्रांत शाळेविरुद्ध लिहू.

एका बाजूला गुदमरलेल्या मुली, दुसऱ्या बाजूला हलणारा पडदा. मध्ये शाळा चालवणारी बाई. सौरऊर्जेची कल्पना करणाऱ्या लेखिकेला एका मोटारीची खिडकी उघडता येत नव्हती. हे लिहिताना त्यांचा स्वर विनोदी आहे, पण वाचून हसू पुरतं येत नाही.

त्यांच्या शाळेत काय शिकवलं जायचं ते मात्र मुद्दाम सांगण्यासारखं आहे. कुरआन पठण, उर्दू, फारसी, इंग्रजी, शुश्रूषा, प्रथमोपचार, शिवण, स्वयंपाक. आणि व्यायाम. ज्या मुलींना बंद पेटीतून आणावं लागत होतं त्या शाळेच्या भिंतीआड हातपाय हलवत होत्या. आत मोकळीक आणि रस्त्यावर तडजोड, असा त्यांचा हिशेब असावा. त्या स्वतः बुरखा घेऊनच वावरल्या. आजच्या काही लेखकांना हे खटकतं, त्यांना वाटतं बाई कचरल्या. मला तसं वाटत नाही. पटावरच्या मुली निघून गेल्या असत्या तर तत्त्व कुणाला शिकवलं असतं? ९ डिसेंबर १९३२ रोजी त्या वारल्या. तेव्हा आठ मुलींची ती शाळा हायस्कूल झालेली होती. आज ती सरकारी शाळा म्हणून कोलकात्यात चालू आहे.

ही हकिगत मी पूर्वीही वाचली होती आणि पत्रं लिहिणाऱ्यांचा मनोसक्त राग केला होता. या खेपेला वाचताना गॅरेजवाल्याचा चेहरा डोळ्यांपुढं आला. तो शाळेच्या दारातून आत येईपर्यंत मी त्याला त्या पत्रवाल्यांच्या रांगेत उभं करून टाकलं होतं. ते चूक होतं. पत्रवाले निनावी होते, हा समोर येऊन खुर्चीवर बसला. त्यांना वाऱ्यानं हलणाऱ्या पडद्याची काळजी, गुदमरणाऱ्या पोरींची नाही. यानं तर पहिलंच वाक्य म्हटलं, बच्ची को दौड़ाओ. त्याला गाडी बंद करायची नव्हती. गाडी कुठं जाते एवढंच विचारायचं होतं.

आणि ते विचारायचा त्याला कायद्यानंही हक्क आहे. २०२३ साली संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. शाळांना काही बाबतींत सूट मिळू शकते, पण एखाद्या मुलीचा उडी मारतानाचा फोटो स्टेटसला लावायला कुणी सूट देईल असं वाटत नाही. मी शिक्षक असून हे नीट वाचलं नव्हतं. पुरावा मागणाऱ्यांनी वाचलं होतं की नाही ते त्यांना ठाऊक.

मग संमतीपत्र तयार करायला बसलो. इथं थोडं आडवाटेला जातो, कारण उर्दू शाळेत साधं पत्रसुद्धा तंत्रज्ञानाच्या इतिहासातून जावं लागतं.

उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरते, अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलतं. खिळ्यांच्या छपाईला ती कधी नीट वश झाली नाही. देवनागरीला खिळे मिळाले, उर्दूनं मात्र शिळाछाप धरला: कातिबानं हातानं लिहायचं, ते दगडावर उतरवायचं. १८५८ मध्ये लखनौला सुरू झालेला मुन्शी नवल किशोर यांचा छापखाना त्यावरच मोठा झाला. कातिबाची ही गरज थेट १९८१ पर्यंत टिकली. त्या वर्षी पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड्या संगणकासाठी बसवल्या, ती नूरी नस्तालीक. मग १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीनं इनपेज आणलं आणि आमच्या शाळांच्या प्रश्नपत्रिका हाती लिहायच्या थांबल्या. पण इनपेजची सुरुवातीची लिखावट युनिकोडमध्ये नव्हती. इनपेजमधलं वाक्य उचलून फोनवर टाकलं की चौकोन आणि प्रश्नचिन्हं. म्हणून उर्दू शिक्षकांना एक सवय लागली, मजकुराचं चित्र करून पाठवायची. आमच्या शाळेतल्या कितीतरी सूचना आजही चित्रं म्हणूनच फिरतात. त्या शोधता येत नाहीत, दुरुस्त करता येत नाहीत, मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या ॲपला त्या कळत नाहीत.

माझं संमतीपत्र आधी मराठीत झालं, कारण ते सोपं. पण आमच्या बहुतेक मुलींच्या अम्मी उर्दू वाचतात, मराठी अडखळत. मी फोनच्या कळफलकावर उर्दूत पुन्हा टंकलं. नस्तालीक नव्हती, नस्ख होती, अक्षरं अरबी पुस्तकासारखी सरळ उभी. एका अम्मीनं निरोप पाठवला, पत्र अरबीत का आहे? सरळ हातानं लिहून काढलं, झेरॉक्स मारल्या. एकविसाव्या शतकातला कातिब.

पत्रात तीन गोष्टी लिहिल्या. चाचणीचे आकडे नोंदवले जातील. चित्रीकरण फक्त चुका दाखवण्यापुरतं, मुलीच्या समोर पुसलं जाईल. फोटो बाहेर जाणार नाहीत. तिसऱ्या गोष्टीवर शाळेत थोडी कुरकुर झाली, फोटोशिवाय काम झालं असं मानणार कोण. मग मैदान, चुन्याची रेषा आणि मोजपट्टी यांचा फोटो पाठवायचं ठरलं. अजून कुणी तो परत पाठवलेला नाही.

चित्रीकरण कसं करायचं ते मुलींनीच ठरवलं, मी नाही. मी पत्र आयांना लिहिलं, वडिलांशी बोललो, पण जिची उडी होती तिला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विचारलं तेव्हा ती पटकन म्हणाली, पायाचाच प्रॉब्लेम आहे ना सर, मग पायच काढा. आता एक मुलगी शाळेचा टॅब घेऊन वाळूच्या कडेला उकिडवी बसते, कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर, चौकटीत चुन्याची रेषा आणि गुडघ्याखालचा भाग. दुसरी धावते. मग दोघी डोकं जुळवून पाहतात, वाद घालतात, पुसून टाकतात. शेवटची तीन पावलं कुठं पडली हे इतकं स्वच्छ दिसतं की माझी गरजच उरत नाही. मारे यांच्या काचेवर उरायच्या रेषा, आमच्या टॅबवर उरतात पाय.

धावण्याच्या चाचणीला तर कॅमेरा लागतच नाही. माँट्रियलच्या ल्यूक लेजे यांनी १९८२ साली वीस मीटरची एक चाचणी मांडली. दोन रेषा, मध्ये वीस मीटर, आणि ठरावीक अंतरानं वाजणारा आवाज. आवाजाच्या आत समोरच्या रेषेला पोचायचं आणि परत फिरायचं. सुरुवात ताशी साडेआठ किलोमीटरनं, मग दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरनं वाढत जातो. पूर्वी ही कॅसेटवर मिळायची, आता फोनमध्ये. या यंत्राला लिपी नाही, त्याला मराठी, उर्दू, इंग्रजी काही कळत नाही, आणि त्याला कुणी दिसतही नाही. आमच्याकडं स्पीकर नाही म्हणून मी पोषण आहाराच्या खोलीतून स्टीलचं पातेलं आणतो आणि फोन त्यात ठेवतो. आवाज पार फाटकापर्यंत जातो.

मागच्या महिन्यात मुली धावत असताना गॅरेजवाले फाटकाशी स्कूटर लावून उभे होते, मुलीला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून लवकर आलेले. मी हात केला, पाच मिनिटं थांबा. सातव्या टप्प्याला चारच मुली उरल्या होत्या, त्यांत ती. त्यांनी विचारलं, "वो पातेले में क्या बज रा सर?" मी सांगितलं. ते फाटकाच्या आत आले, पातेल्यात डोकावून पाहिलं, फोनच आहे याची खात्री केली, आणि पुढचा आवाज कधी होतो ते मोजत तिथंच उभे राहिले.